नावापुरती मालकीण

गुजरातेत फक्त बायकांच्या नावावर घर घेतलं की नोंदणीची फी माफ होते. सरकारनं हे बायकांचं भलं व्हावं म्हणून केलं असणार, पण पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या पुरुषांनी त्यातून स्वतःचं भलं बरोबर शोधून काढलं. गल्लीतली निम्मी घरं बायकांच्या नावावर आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही दाराला कुठला रंग लावायचा हे कोणी विचारलेलं नाही. धुरपदाबाईचं घर त्यांतलंच एक.

नऊ वर्षांपूर्वी ते घेतलं तेव्हा तिचा नवरा उखा जिवंत होता. शिरपूरकडच्या वाटणीच्या जमिनीचे पैसे, सुनेची म्हणजे सोनालीची पोत आणि पाटल्या, आणि वर मुलानं काढलेलं कर्ज, असं मिळून ते घर उभं राहिलं. मुलगा धर्मेंद्र एकुलता एक, डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. घर मायच्या नावावर घ्यायचं हे त्यानंच ठरवलं. पाटल्या हातातून काढता काढता सोनालीनं विचारलं होतं, माझंही नाव घालता येईल का. त्यावर धुरपदाबाईच हसत म्हणाली, "बाईना नाववरच ली राहिनूत ना घर? मग मी काय बाई नही शे?" सगळे हसले. दोन्ही बायकांची नावं घातली असती तरी फी माफच होती, पण हे तिथं कोणी बोललं नाही. धर्मेंद्रला ते ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर धुरपदाबाईलाही सुनेचं नाव नकोच होतं.

उखाला जाऊन पाच वर्षं झाली. दोन वर्षांपासून धर्मेंद्रचं कडोदऱ्याला येणं-जाणं वाढलं. तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कविता नावाची बाई काम करते, तिच्याशी त्याला लग्न करायचं होतं. सोनालीला कळलं, भांडणं झाली, आणि धर्मेंद्र वरच्या मजल्यावर वेगळा राहू लागला. खाली सासू, सून आणि आठ वर्षांची योगिता. जेवणाचं ताट मात्र रोज खालूनच वर जायचं. त्याच्या वेगळेपणात तेवढी सवलत होती.

मग त्यानं राजीखुशीच्या फारकतीचा कागद पुढे केला. पोटगी मागणार नाही, दागिने मागणार नाही, घर सोडून माहेरी जाईन, असं सगळं त्यात सोनालीच्या वतीनं लिहून तयार होतं. फक्त सही बाकी होती. सोनाली म्हणाली, पाटल्या परत दे, सही करते. तो म्हणाला, कसल्या पाटल्या? दुसऱ्या दिवशी ती फॅमिली कोर्टात गेली आणि पोटगीचा दावा लावून आली. या गोष्टीत शहाणपणाचं असं पहिलं काम ते झालं.

धर्मेंद्रनं कोर्टाला उत्तर दिलं की पगार बारा हजार, दुसरं काही नाही. मिलमध्ये अर्धा पगार बँकेत जमा होतो आणि अर्धा पाकिटात मिळतो, हे अख्ख्या पांडेसऱ्याला माहीत आहे. कोर्टाला दिसला तो बँकेतला. पाकिटाला पासबुक नसतं, त्यामुळे तो शपथेवर सुखानं बारा हजारांचा झाला.

त्यानंतर एकदा तो खाली आला, आईजवळ बसला, गुडघे कसे आहेत ते विचारलं. दवाखान्याचं कार्ड नवीन करायचंय म्हणून तीन ठिकाणी सही घेतली. धुरपदाबाईला देवनागरी अक्षरं जुळवून वाचता येतात, गुजराती येत नाही. तिनं आपलं नाव मोठ्या अक्षरांत, जीभ दातांत धरून, तिन्ही जागी काढलं. लेकानं बऱ्याच दिवसांनी विचारपूस केली याचाच तिला आनंद झाला होता.

पंधरा दिवसांनी प्रांत कचेरीची नोटीस आली, सोनालीच्या नावानं. सोनाली साडीवर खडे चिकटवत बसली होती. हात पुसून तिनं ती वाचली, आणि मग सासूला एकेक ओळ सांगितली. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली अर्ज आहे. सून मारहाण करते. उपाशी ठेवते. म्हातारीच्या जिवाला धोका आहे, तरी सुनेकडून घर रिकामं करून मिळावं. खाली सही, धुरपदाबाई.

सोनाली ओरडली असती तर बरं झालं असतं, कारण ओरडण्यात ती काही कमी नव्हती. पण तिनं एवढंच विचारलं, "कोणत्या दिवशी उपाशी ठेवलं, आत्याबाई?"

धुरपदाबाई म्हणाली, मला यातलं काहीच माहीत नाही. ते खरं होतं. पण त्यानंतर तिनं जे केलं ते माहीत असून केलं. धर्मेंद्र मिलवरून आल्यावर तिनं त्याला धारेवर धरलं, आणि त्यानं तिला दहा मिनिटांत गुंडाळलं. हा नुसता दाब आहे, तिला खरंच कोण बाहेर काढतंय? साहेबांपुढे एकदा हो म्हण, ती घाबरून कोर्टातला दावा मागे घेईल, मग सगळं पहिल्यासारखं. पहिल्यासारखं म्हणजे कसं, हे म्हातारीनं विचारलं नाही. सून आणि नात रस्त्यावर येतील हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पोटच्या पोरापुढे आपण ते बघत नाही, एवढंच. असल्या आयांच्या जिवावरच असले लेक मोठे होतात, आणि धुरपदाबाई त्यांत काही वेगळी निघाली नाही. ती हो म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी माय-लेक रिक्षानं निघाले. वाटेत रिक्षा थांबवून धर्मेंद्रनं एक काठी विकत घेतली आणि आईच्या हातात दिली. कशाला, तिनं विचारलं. नुसती धर, तो म्हणाला. धागे कापायला आणलेल्या साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ही बाई अजून पायी घरी येते. तिनं काठी धरली.

प्रांतसाहेब गुजराती, चाळिशीतले, शांत बोलणारे. शेजारी कारकून हिलाल बसला होता, मूळचा शहाद्याकडचा. सोनाली आधीच येऊन बाकावर बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. साहेबांनी अर्ज वाचला आणि धुरपदाबाईला विचारलं, हे खरं आहे का, माँजी?

ती तोंड उघडणार तोच धर्मेंद्र म्हणाला, "साहेब, तिला काही समजत नाही. तिच्या वतीनं मीच सांगतो."

आणि तो सांगू लागला. सुनेचा जाच, आईचे हाल, सगळं त्याच्या तोंडून इतकं सफाईनं येत होतं की धुरपदाबाई क्षणभर त्या बिचाऱ्या म्हातारीची कीव करत बसली. तो थांबल्यावर सोनाली उठली. तिनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"हा यांनी फॅमिली कोर्टात शपथेवर दिलेला सोगंदनामा आहे, साहेब. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा."

साहेबांनी वाचला, आणि मोठ्यानं वाचला. घर आईनं स्वतःच्या पैशानं घेतलेलं आहे. माझा त्यात कसलाही हक्क नाही, मी आईच्या मेहेरबानीवर राहतो. आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे, तिला उठता-बसता येत नाही. तिची काहीही कमाई नाही. तिच्या औषधपाण्याचा आणि खाण्यापिण्याचा सगळा खर्च मीच करतो, म्हणून बायकोला पोटगी देण्याची माझी ऐपत नाही.

वाचून झाल्यावर साहेबांनी अंथरुणाला खिळलेल्या बाईकडे पाहिलं. ती खुर्चीत ताठ बसली होती.

सुनेवरचे खोटे आरोप ऐकून तिला लाज वाटली होती, राग आला नव्हता. राग आला तो आता, आणि आला तो पायापासून डोक्यापर्यंत आला. एकोणिसाव्या वर्षी ती या शहरात आली. बॉबिनी भरल्या, साड्यांच्या घड्या घातल्या, धागे कापून कापून दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडले. घराचं लाइटबिल आजही ती भरते. साखरेच्या गोळ्या स्वतःच्या पैशानं आणते, आणि त्या वेळेवर घेतल्या का हे विचारायला सोनाली येते, मग भले भांडत येवो. वर राहणारा हा माणूस फुकट जेवतो, फुकट राहतो, आणि शपथेवर लिहून देतो की मी आईला पोसतो. ज्या सहजतेनं त्यानं सुनेबद्दल खोटं लिहिलं, त्याच सहजतेनं आपल्याबद्दल लिहिलं. आणि पहिल्या खोट्याला आपण मान डोलावून इथवर चालत आलो होतो, काठी घेऊन. हे कळलं तेव्हा तिला स्वतःचाही तेवढाच संताप आला.

तिनं काठी टेबलावर आडवी ठेवली. तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत तिनं साहेबांना विचारलं की हे घर कोणाचं. साहेब म्हणाले, तुमचं, तुमच्या एकटीचं. नावापुरतं का खरंखुरं, तिनं विचारलं. साहेबांनी समजावून सांगितलं की कायद्यात नावापुरतं असं काही नसतं. सुनेला राहण्याचा थोडाफार हक्क कायदा देतो. मुलाला तुमच्या मर्जीशिवाय तोही नाही, आणि यानं तर तसं स्वतःच लिहून दिलंय.

"मग सून राहील," धुरपदाबाई म्हणाली. "याला काढा."

धर्मेंद्र पुढे आला, तिच्या दंडाला हात घातला. माय, घरी चल, घरी बोलू, असं हळू आवाजात म्हणू लागला. तिनं हात सोडवून घेतला.

"माले काही समजत नही ना? मंग बस तठे."

तो बसला नाही, भिंतीशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी सांगितलं की त्यासाठी नवा अर्ज लागेल, कारणं द्यावी लागतील, आणि त्यावर रीतसर सुनावणी होईल. हिलालनं कोरा कागद घेतला. धुरपदाबाई सांगत गेली आणि तो लिहीत गेला. दवाखान्याचं कार्ड सांगून सह्या घेतल्या. खोट्या अर्जावर माझं नाव घातलं. घरखर्चाला काही देत नाही. सोनाली मागून म्हणाली, माझ्या पाटल्यांचंही लिहा. हिलालनं म्हातारीकडे पाहिलं. लिहा, ती म्हणाली, तिच्या पाटल्या या घरात गेल्यात, आणि त्या मीच मागून घेतल्या होत्या. सोनालीनं यावर आभार-बिभार मानले नाहीत. नऊ वर्षांनी खरं बोलणाऱ्याचे कोण आभार मानतं?

असे अर्ज हिलालनं शेकड्यानं लिहिले असतील. हात सवयीनं चालत होता आणि लिहिलेलं तो पुटपुटत होता. शिवीगाळ करतो, मारहाण करतो, एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि धुरपदाबाईनं त्याचा हात धरला.

"ते काढा, भाऊ. त्यानी माले कधी हात लावा नही."

हिलालनं पेन खाली ठेवलं. मारहाणीशिवाय अर्ज कच्चा पडतो, त्यानं तिला तिच्याच बोलीत समजावलं, तारखांवर तारखा पडतील, तो वर्षभर वरच्या मजल्यावर बसून राहील. भिंतीशी उभ्या असलेल्या धर्मेंद्रनं मान वर केली. आईच्या तोंडून आता काय निघतं यावर त्याची सगळी मदार होती.

"पडू द्या तारखा," ती म्हणाली. "तो घरमधून निंघी ते खऱ्यावर निंघी. खोटावर मी आते कोणलेच काढाव नही."

हिलालनं ती ओळ खोडली. तिनं ती नीट खोडली आहे का ते वाकून पाहिलं, सोनालीला जवळ बोलावून अख्खा कागद पहिल्यापासून वाचून घेतला, आणि मग सही केली.