नाकाड्या पाकळीचं फूल

मी एक जुना छतावरचा रहिवासी आहे, मित्रांनो. फूल आहे मी, पण माझा वास घ्यायला जाऊ नका, उगाच शिंका येतील. जिप्सम प्लास्टरचं, आठ पाकळ्यांचं पांढरं फूल. माझ्या मधोमध दिव्याची तार लोंबते. खोलीत येणारा माणूस आधी चपला कुठे काढायच्या ते बघतो, मग खुर्ची शोधतो, मग चहाचा अंदाज घेतो. वर बघतो तो जांभई देताना. चालायचंच!

माझं कूळ मात्र मोठं आहे बरं का. जिप्सम म्हणजे मुळात जमिनीतला मऊ दगड, नखानंसुद्धा ओरखडा उठेल इतका मऊ. तो भाजला की त्याच्यातलं पाणी उडून जातं आणि दळला की त्याची पिठासारखी पावडर होते. त्या पावडरीला पुन्हा पाणी मिळालं की ती परत दगड होते. कुणी आम्हाला जिप्सम म्हणतं, कुणी पीओपी, आणि कारागीर म्हणतात नुसतं ‘माल’. भिंतीवरचा गुळगुळीत गिलावा माझा सख्खा भाऊ. फळ्यावरचा खडू बहुतेक वेळा आमच्याच भावकीतला. हात-पाय मोडल्यावर डॉक्टर घालतात ते प्लास्टर माझं चुलत भावंड. सिमेंटची गोष्ट वेगळी, त्याचे दिवसचे दिवस पाणी मारून लाड करावे लागतात. आम्ही बघता बघता घट्ट होतो आणि घट्ट होताना चक्क गरम होतो! जन्मतःच अंगात ऊब, असं भाग्य किती वस्तूंना मिळतं सांगा?

मला घडवलं एका कारागिराने आणि त्याच्या बायकोने. ती माल कालवायची, तो साच्यात ओतून पाकळ्या काढायचा. माल कालवायची एक रीत असते. पाण्यावर पावडर भुरभुरवायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आणि प्रत्येक वेळी बादली खरवडून धुवायची. मागच्या मालाचे कण तळाशी राहिले, तर नवा माल भलत्याच घाईने घट्ट होतो.

सात पाकळ्या झकास निघाल्या. आठवीच्या वेळी कारागीर मेव्हण्याच्या फजितीची गोष्ट सांगण्यात रंगला होता.

“अहो, बादली धुवायचीय,” बायको म्हणाली.

“धुऊ गं! तू कालव, आणि पुढची गंमत ऐक.”

गंमत संपायच्या आत माल घट्ट झाला. पाकळीची पाठ सपाट करायलाही सवड मिळाली नाही. पावडरीचं पोतंही संपलं होतं. निघालेली पाकळी अशी जाड, की छताला टेकवून बघितल्यावर इतरांपेक्षा खाली डोकावू लागली.

“हुबेहूब तुमचं नाक!” बायको पोट धरून हसली.

कारागिराने ती पाकळी कपाटाच्या बाजूला वळवली आणि मला छतावर चिकटवलं. माझं अंग अजून कोमट होतं. मला तर फार आनंद झाला होता! नाक मोठं असलं म्हणून काय झालं, लहान नाकाचे तरी कुठे सुखी असतात?

मग वर्षं गेली. माझ्या कडांवर धूळ बसली, एका कोळ्याने संसार थाटला. वर्षातून एकदा घरातली आई काठीला फडकं बांधून मला पुसायची आणि म्हणायची, “जुनं असलं तरी शोभतं हो.” तेवढ्या बोलण्यावर माझं वर्ष निघायचं.

या घरात एक मुलगी आहे. तिला बाबा लाडाने ‘नकटी’ म्हणतात. कपाटावरची पेटी काढायला ती खुर्चीवर स्टूल ठेवून चढली आणि धाडकन आपटली. उजवा पाय मोडला. पायाला जाडजूड प्लास्टर आणि बरोबर माझ्याखाली तिचा पलंग. आता तिला वर बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमची ओळख अशी झाली.

तिने माझी एकेक पाकळी मोजली. नाकाड्या पाकळीवर तर तिचा भारी जीव! “तू नाकाडा, मी नकटी,” ती म्हणायची, “देवाने वाटणीत घोळ घातला.” एकदा तिने मला सांगितलं, “प्लास्टर घालताना मी भोकाड पसरलं होतं. पण ते हळूहळू गरम झालं ना, तेव्हा वाटलं, कुणीतरी पाय धरून बसलंय.” मित्रांनो, माझ्या चुलत भावंडाचं हे कौतुक ऐकून माझा ऊर भरून आला.

आणि एका दुपारी घात झाला. वरच्या मजल्यावरच्या मावशी नळ चालू ठेवून गप्पा मारत बसल्या. त्यांची बादली भरून वाहिली, न्हाणीघर तुंबलं आणि पाणी झिरपत माझ्यात उतरलं. खाली नकटी एकटी. पायाचं प्लास्टर भिजलं असतं तर मऊ पडलं असतं, जुळत आलेलं हाड हललं असतं. मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. काय करणार?

काही करावं लागलंच नाही. पाणी उताराकडे जातं. ते माझ्या पाकळ्यांवरून ओघळत सगळ्यात खाली डोकावणाऱ्या पाकळीकडे, म्हणजे माझ्या नाकाकडे गेलं. तिथून टप टप टप थेंब पडले ते कपाटाशेजारी, बाबांच्या नव्या बुटात. पलंगावर एक थेंब नाही! नकटीने हाका मारून घर डोक्यावर घेतलं आणि पलंग भिंतीकडे सरकवला गेला.

“नकटीच्या पायाला सतराशे विघ्नं!” आई कपाळावर हात मारत म्हणाली.

वरची गळती थांबली, पण माझ्या दोन पाकळ्या भुसभुशीत झाल्या होत्या. बाबा घाबरले. उद्या डोक्यात पडलं म्हणजे? सगळं काढून छत सपाट करायचं ठरलं आणि बोलावणं गेलं माझ्याच कारागिराला. तो आला, त्याची बायको आली. दोघांचेही केस माझ्यासारखे पांढरे. त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“सुटलो बुवा! या नाकावरून हिने जन्मभर टोमणे मारलेत. आधी तेच उडवतो.”

तो हातोडी घेऊन शिडीसारख्या लाकडी घोड्यावर चढला. मित्रांनो, ज्या हातांनी आपल्याला घडवलं, त्याच हातांत हातोडी बघणं फार वाईट.

“काका, थांबा!” नकटी ओरडली. “त्या नाकाने माझा पाय वाचवलाय!”

तिने सगळं सांगितलं, ओले बूट पुराव्याला दाखवले. कारागिराने वरूनच वाकून बुटांत डोकावलं. मग त्याची छाती अशी फुगली, की घोडा डुगडुगला.

“ऐकलंस का गं? चूक म्हणे! माझं नाक कामाला आलं!”

“आलं बाई आलं,” बायको म्हणाली. “न धुतलेल्या बादलीला आता हार घाला.”

बाबा मात्र मागे हटेनात. “काका, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“माझं प्लास्टर परवा निघणार आहे, बाबा,” नकटी रडवेली झाली. “त्याचं राहू द्या ना.”

कारागिराने हातोडी उलटी धरून दांड्याने माझी पाकळीन् पाकळी वाजवली. सहा खणखणीत वाजल्या, नाकाडी तर सगळ्यांत जास्त. दोनच पोकळ. “या दोन बदलतो. बाकीचं फूल तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त टिकेल,” तो म्हणाला. बाबांनी स्वतः घोड्यावर चढून मला हलवून बघितलं आणि शेवटी मान डोलावली.

त्या दिवशी कारागिराने बादली इतकी घासली, की बायको म्हणाली, “पुरे, भोक पडेल!” नव्या पाकळ्या साच्यात ओतल्यावर त्याने साचा पलंगाजवळ नेला. नकटीने त्यावर तळहात ठेवला.

“गरम झाली! हिलाही कुणीतरी धरून बसलंय!”

मित्रांनो, वस्तू म्हातारी झाली म्हणून लगेच हातोडी उचलू नका, आधी वाजवून बघा. नळ बंद करा, बादली धुवा आणि अधूनमधून वर बघा.

काल नकटी माझ्याखालून पहिल्यांदा आपल्या पायांनी चालली. एक हात आईच्या हातात, मान वर, डोळे माझ्या नाकावर.

“अगं, खाली बघ, पडशील!” आई म्हणाली.

“नाही पडणार,” ती म्हणाली, “तो बघतोय ना.”