कानकोरण्याने जुळवलेली सोयरीक

मित्रांनो, मी एक जुने पितळी कानकोरणे आहे. आता नाक मुरडू नका. ते काम माझे आहे.

कारागिराने मला ठोकून घडवले आणि टोकाला मोहरीएवढी वाटी काढली. पुढे वीस वर्षे एका शिंपीकाकांच्या दोन्ही कानांत माझी ये-जा होती. तिथले वर्णन करत नाही. तुमची जेवायची वेळ असेल. याहून घाण जगात काही नसेल, अशी माझी समजूत होती. मग काकांनी शिवणयंत्रावर चादर टाकली आणि खिडकीत किडेखाऊ झाडे आणून मांडली.

त्या झाडांची पाने तुपाचा हात पुसल्यासारखी ओशट. चिलट बसले की चिकटते आणि पान त्याला सावकाश जिरवते. वर मात्र नाजूक फूल, जसे काही झालेच नाही. शी!

काकांना पांढऱ्या आणि जांभळ्या झाडांचा संकर हवा होता. पराग न्यायला आलेला किडा पानावर टेकला की संपलाच, म्हणून ते काम हाताने करायचे. माझी वाटी फुलाच्या घशात नेमकी मावली. "अगदी मापाचं!" काका म्हणाले. आयुष्यातले पहिले कौतुक, तेही असल्या जागी.

पण पांढरे झाड मुळाशी सडू लागले. त्यावर एकच फूल उरले, तेही गळायच्या बेतात. काकांनी जांभळ्या फुलातले होते नव्हते ते पराग माझ्यावर घेतले, श्वास रोखला, आणि त्यांचा कान खाजला. वीस वर्षांची सवय. हात सरळ कानात.

"अहो, पराग!" काकू किंचाळल्या.

काकांनी मला बाहेर काढले. वाटीत सगळे पिवळेच. पराग कुठला आणि मळ कुठला, देव जाणे.

"संपलं गं सगळं," काका रडवेले झाले.

"संपलं कसलं? लावा तेच. तुमच्या कानात काही टिकत नाही. माझं बोलणं तरी कुठं टिकतं?"

लावले. मला विचारतो कोण!

बोंड धरले, बी रुजले. दीड वर्षाने फिकट जांभळे फूल उमलले. शेजारपाजारचे येतात, "काय गोड रंग!" म्हणत त्याला नाक लावतात. काका कान चोळत दुसरीकडे बघतात, काकू पदरात हसतात, आणि मी मनात "शी!" म्हणते.

मित्रांनो, एका हत्याराला एकच काम द्या. ते जमत नसेल तर दोन कामांच्या मधे त्याला धुवा तरी. हे पाहा, काका पुन्हा मला शोधत आहेत. कानासाठी की फुलासाठी, कळायला मार्ग नाही. साबण नळाजवळच आहे, एवढे कुणीतरी त्यांना सांगा हो!