लेमालू बहिणीशी बोलले

माझी बायको मासिना आमच्या दवाखान्यात नर्स आहे आणि तिचे थोरले भाऊ लेमालू हे गावाचे वक्ते. सवाईई बेटाच्या या किनाऱ्यावर पाहुण्यांसमोर गावाच्या वतीनं बोलायचं झालं की त्यांच्याशिवाय पान हलत नाही. हातात उंच काठी, खांद्यावर काथ्याची चवरी, वय त्रेसष्ट.

दोन वर्षांपासून त्यांना लघवीचा त्रास होता. मला कळलं, कारण गावची बस मी चालवतो. बंदरापर्यंत तासाभराचा रस्ता, त्यात ते तीनदा बस थांबवायला लावत. झाडाआड गेले की पाच-पाच मिनिटं उभे. येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा तेच.

"लेमालू, माडांना खत घालताय की काय?" मागच्या बाकावरून कुणी ओरडे.

"हो, तुझ्या डोक्यावर पण घालणार आहे. काही उगवलं तर बघू," ते म्हणत आणि सगळी बस हसे. पण सभेच्या दिवशी ते सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत, हे त्यांच्या बायकोनं मला हळूच सांगितलं होतं.

"मासिनाला दाखवा की," मी एकदा म्हणालो.

"दाजी, शुद्धीवर आहात ना? बहीण आहे ती माझी!"

त्यांचंही बरोबर होतं. आमच्यात भाऊ-बहीण मोठे झाले की एकमेकांसमोर साधा चावट विनोदही करत नाहीत. कमरेखालचं बोलणं तर लांबच राहिलं. बहिणीचा मान भावानं जिवापाड जपायचा. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येत, पण दारात नाव आणि तक्रार लिहून घ्यायला मासिनाच बसलेली. त्यामुळे लेमालू त्या पायरीला कधी शिवलेच नाहीत.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या पुतण्याला घराण्याच्या प्रमुखाचा किताब द्यायचा समारंभ होता. तीन गावांचे पाहुणे येणार आणि नेमकं लेमालूंना पडसं झालं. आवाज बसू नये म्हणून त्यांनी दुकानातून नाक मोकळं करायच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिवस घेतल्या. समारंभाला ते भर उन्हात तासभर बोलले. एक शब्द अडखळला नाही. भाषण संपवून ते स्वयंपाकाच्या छपरामागे माझ्याकडे आले, तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं.

"दाजी, सकाळपासून एक थेंब उतरला नाही. पोट फुटेल आता."

"आणि तासभर उभे राहिलात?"

"गावाचं तोंड आहे मी. ते मध्येच मिटता येतं का? बस काढा. चारच्या बोटीनं आपियाला जातो, मोठ्या हॉस्पिटलात."

प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत होते. दवाखाना आला तशी मी काही न विचारता बस आत वळवली.

"बंदर म्हणालो मी!"

"बोटीत तुम्ही टिकणार नाही, लेमालू. शिव्या नंतर घाला."

मासिना बाहेर आली. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. तिनं भावाचा चेहरा पाहिला, पोटावर दाबून धरलेला हात पाहिला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"कोलोने, विचार त्यांना, लघवी कधीपासून बंद आहे?"

"सकाळपासून," मी म्हणालो.

"तिला सांगा, मी आपियाला चाललोय," लेमालू म्हणाले.

"त्यांना सांग, इतका वेळ तुंबली तर मूत्रपिंडं बिघडतील. नळी घालावी लागेल आणि आज इथं ती फक्त मला घालता येते." ती क्षणभर थांबली. "हेही सांग की मी हात धुवायला जातेय. परत येईन तेव्हा ते कॉटवर हवेत."

ती निघणार तोच लेमालूंनी चवरी खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली आणि बसचं दार धरून ताठ उभे राहिले.

"मासिना. तुलोउ."

काही नाजूक बोलायचं असलं की ऐकणाऱ्याची आधी अशी क्षमा मागतात. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं: बारीक धार, अर्धवट झाल्यासारखं वाटणं, ओले होणारे कपडे, कॅन्सरची भीती. एकही म्हण नाही, एकही पूर्वज नाही. त्यांचं इतकं छोटं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं.

मासिना वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "दादा, आजवर माझा मान राखलात. आता तुमचा जीव राखू द्या. चला आत."

मी त्यांच्या छातीपाशी चादर आडवी धरून उभा राहिलो. पिशवीत जवळजवळ एक लिटर जमा झालं. लेमालू छताकडे बघत रडत होते, आणि पुसायलाही हात उचलत नव्हते.

आपियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅन्सरची चिन्हं नव्हती. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वयानं फुगली होती आणि पडशाच्या गोळ्यांनी उरलीसुरली वाट बंद केली होती. औषध देऊन दोन आठवड्यांनी नळी काढून पाहिली, पण धार सुटेना. पुन्हा नळी घातली आणि ऑगस्टमधली ऑपरेशनची तारीख दिली.

"तोवर घरातच बसा," त्यांची बायको म्हणाली.

ते बसले नाहीत. लुंगीखाली पिशवी बांधून ते गावच्या प्रमुखांच्या सभेला गेले आणि आपली पाळी आल्यावर पिशवीचंच बोलले. हशा पिकला.

"हसून घ्या," ते म्हणाले. "झालं हसून? आता सांगा, झोपेतून तीन-चारदा कोण कोण उठतं? सभेला येताना पाणी कोण टाळतं?"

कुणी वर बघेना.

"लाजेपायी मी मरायला टेकलो होतो. दवाखान्यात गुरुवार पुरुषांचा ठरवा. नाव लिहायला पुरुषच बसेल. आणि जो कुणाची थट्टा करेल, त्याला एक डुक्कर दंड."

ठराव झाला. मासिनानं आपियाहून एक पुरुष नर्स मागवून घेतला. ऑगस्टमध्ये लेमालूंचं ऑपरेशन झालं. चार दिवस लघवीतून रक्त गेलं, मग हळूहळू धार सुधारली.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी ते स्वतः वही घेऊन दवाखान्याच्या दारात बसले. सतरा पुरुष आले. त्यातल्या एकाच्या रक्ताचा अहवाल नंतर आला, तो बरा नव्हता. त्याला पुढच्या तपासासाठी लगेच आपियाला पाठवलं. त्याच गुरुवारी दुपारी एक म्हातारा कुंपणापर्यंत आला, रांग पाहिली आणि परत फिरला. लेमालूंनी वही शेजारी बसलेल्या माझ्या मांडीवर ठेवली आणि ते त्याच्यामागे रस्त्यानं चालू लागले.