दम्यासाठी कबड्डी, भरीतासह

आमच्या ह्यांना दमा आहे हे नशिराबादमध्ये फक्त मला आणि डॉक्टरला माहीत होतं. युवराज पंप ओढायला संडासात जायचे आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे. श्वास घ्यायला संडासात जाणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही बाई! आणि कारण काय, तर साहेब एकेकाळचे नामी चढाईपटू. एका दमात समोरची अर्धी टीम बाद करून यायचे म्हणे. अशा माणसाला दमा? लोक काय म्हणतील?

मागे बोदवडला पुतणीच्या हळदीत दम लागला, तेव्हा पंप खिशातच होता. तरी "पित्त झालं" म्हणत ओठ निळे पडेपर्यंत बसून राहिले. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, चारचौघांत पंप घ्यायला असेच लाजले, तर एक दिवस हातातून जातील." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर.

आणि हाच माणूस दम्याच्या जनजागृतीसाठी कबड्डी खेळायला निघाला! कल्पना आमच्या मंडळाच्या अध्यक्षाची, प्रशीलची. गावातल्या दवाखान्याला वाफाऱ्याचं मशीन घ्यायचं होतं. वर्गणी मागायला गेलं की लोक आतून कडी लावतात, पण कबड्डी म्हटलं की लेकराबाळांसकट येतात. नशिराबाद विरुद्ध धुळे, चाळिशी उलटलेल्यांचा सामना, आणि आमचे हे कर्णधार.

"खेळायचंच असेल तर पंप जवळ ठेवा," मी म्हटलं.

"कबड्डीच्या चड्डीले खिसा नसतो," हे म्हणाले.

मी पंप माझ्या पदराच्या गाठीला बांधला.

आता आमच्याकडे थंडीत चार माणसं जमली की भरीत होतंच. देणगीचा पास घेईल त्याला भरीत, पुऱ्या आणि कांद्याची पात, असं प्रशीलनं जाहीर केलं होतं. त्यामुळे दम्याच्या कार्यक्रमाला मैदानाच्या कडेलाच कपाशीच्या काड्या पेटवून क्विंटलभर वांगी भाजायला घेतली. एवढी शहाणी माणसं जमली होती, पण एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेला हार घातला, वंदना झाली, शिट्टी वाजली आणि वारा फिरला.

सगळा धूर मैदानात. प्रशील माईकवर ओरडतोय, "धूर टाळा... खॉक... दमा टाळा... खॉक... पासधारकांनी रांगेत यावं!" धुळ्याचा एक गडी चढाईला आला, "कबड्डी" म्हणता म्हणता खोकला आणि बाद झाला. आमचा गेला, तोही खोकून बाद. मग बराच वेळ कोणी कोणाला शिवलंच नाही. नुसतं यायचं, खोकायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. लोक टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते, आणि तिकडे वांग्यांवर आणखी काड्या टाकत होते.

शेवटी आमचे हे चढाईला उठले. धुळ्याचा कर्णधार भटू, चांगला दांडगा गडी, त्यानं ह्यांचा पाय धरला. हे आडवे पडले. हात मधल्या रेषेकडे, आणि तोंडातून "कब... कब..." पुढचं काही येईना. छाती भात्यासारखी वरखाली. मी गाठ सोडत धावले.

"वहिनी, मैदानाबाहेर!" प्रशीलनं शिट्टी फुंकली, पंचही तोच. "चढाई चालू आहे!"

"तुझ्या चढाईला आग लागो!" मी म्हटलं.

धुळ्याकडून कोणीतरी ओरडलं, "औषध दिलं तर ते डोपिंग!" प्रशील खरंच नियम आठवायला लागला. मी पंप ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी गर्दीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. ओठांवर तोच निळसर रंग.

"अहो, मरताय तुम्ही," मी म्हटलं. "मी हात जोडते."

पुन्हा मान हलली.

तेवढ्यात ह्यांच्या पायाला लटकलेला भटू बोलला, "वहिनी, तो पंप माले द्या. मना पंप धुळालेच राही गया."

एवढा मोठा गडी, त्यालाही दमा, आणि मागतोय सगळ्यांदेखत! मी दिला. पण त्या मेल्यानं घाईत पंप उलटा धरला आणि फवारा नाकावर मारला.

ह्यांचे डोळे मोठे झाले. दम नव्हता, पण राग होताच. "अरे... येड्या... असं नाही!" म्हणत ह्यांनी पंप हिसकला. "पहिले... श्वास सोड. मंग तोंडात धर. दाब, आन् ओढ." आणि शिकवता शिकवता, सगळ्या नशिराबादसमोर, स्वतः ओढला. मग बोटानं भटूला खुणावलं, थांब, धरून ठेव. पुन्हा एकदा ओढला. थोड्या वेळानं पंप पुसून त्याच्या हातात दिला. "आता तू. आन् श्वास धरला की मनातल्या मनात कबड्डी म्हन, तवर सोडू नको."

भटूनं ओढला. दोघं मधल्या रेषेजवळ गाल फुगवून एकमेकांकडे बघत बसले. कोणी हसलं नाही. प्रशील तर वाकून बघत होता, कोणाचा दम आधी तुटतो ते.

दोघांनी हळूहळू श्वास सोडला. ह्यांच्या ओठांवर रंग यायला लागला.

गर्दीतून बेबाबाई ओरडली, "युवराजभाऊ, तुमाले दमा हाये का हो?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाये. लई वर्सांपासून. त्याच्यात काय लाजायचं?"

लाजायचं काय, मला विचारतात! मी तिथेच मैदानात बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. प्रशील पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. "वहिनी, धूर लागला का?"

"धूर नाही रे मेल्या," मी म्हटलं. "नवरा वाचला माझा."