बेचाळीस मण बांगडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तराजू आहे. पूर्णगडच्या खाडीकाठी, मासे खारवण्याच्या सरकारी आवारात, सागवानी तुळईला मी टांगलेला असे. माझी दांडी मुंबईच्या ओतशाळेत घडली. पारडी इथल्याच सुताराने फणसाच्या फळ्यांची केली. दांडीच्या मधोमध काटा आहे. तो सरळ उभा राहिला, की माझे काम झाले.

त्या काळी मिठावर जबर कर होता. मासेमारी करणाऱ्या खारवी मंडळींना ते परवडत नसे. बांगडा वाळूवर सुकवावा लागे आणि निम्मा नासे. हा धंदा वाढावा म्हणून सरकारने ठरवले, की ताजा मासा आवारात आणून तोलावा आणि वजनाच्या प्रमाणात बिनकराचे मीठ घ्यावे. त्या एका नियमाने काय घडले, ते मी पाहिले आहे. दोन वर्षांत आमचा खारा बांगडा आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात पोहोचला. बुरुडांना पाट्यांचे आणि गाडीवानांना भाड्याचे काम मिळाले. येणारा-जाणारा माझ्या दांडीला नमस्कार करी.

मग १९२७ साली वरून हुकूम आला : ज्या आवारात हंगामात हजार मण मासा तोलला जाणार नाही, ते बंद होईल. नेमके त्याच वर्षी मासे किनाऱ्याला फारसे फिरकले नाहीत. हंगामाच्या शेवटच्या दिवशी चाळीस मण कमी होते. तपासणीस साहेब सकाळीच येऊन खुर्चीवर बसले. पाच वाजता तोल बंद होणार होता.

दुपारी सखाराम तांडेलाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, भरून आली. अंदाज बेचाळीस मणांचा! पण नेहमी आवारात तोलल्यावर चिरायचा बांगडा, साहेब पाहणार म्हणून, बायकांनी किनाऱ्यावरच चिरून, पोटे काढून, धुऊन आणला. मी खोटे कसे बोलणार? पस्तीस मण भरले.

"कमळे, हे काय केलंस?" कारकून भिकाजी ओरडले.

सखारामची बायको कमळा कावरीबावरी झाली. "सायब बघनार म्हनून लखलखीत करून आनला, मुनशीबाबा!"

"लखलखीत करून आवाराला टाळं लावलंस!"

पहारेकरी धाकूने हळूच माझ्या पारड्यावर पंजा ठेवला. "वाईच दाबू काय?"

"हात काढ, मेल्या! आज मासा दाबशील, उद्या आमचं मीठ दाबशील." कमळा त्याच्यावर कडाडली आणि बायकांकडे वळली. "गो दमयंती, पोटं कुठं टाकली?"

"कातळावर. भरती लागलीय, घारी बसल्यात."

"मग बघता काय? धावा गो!"

बायका धावल्या. मला फक्त घारींचा कालवा आणि बायकांच्या शिव्या ऐकू येत होत्या. साहेबांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवले. साडेचारला पहिली पाटी आली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हा काय मासा आहे?"

"सायबानू, दर्यातून आला तवा हे त्याच्याच पोटात व्हतं. शेजाऱ्याकडनं नाय आनलं," कमळा म्हणाली.

साहेबांनी नियमांची पाने उलटली. 'आणलेला संपूर्ण मासा' असे शब्द होते. "घाला," ते म्हणाले, "पण वाळू धुऊन."

वाळू धुतली, तसे पाट्यांचे वजन उतरले, तरी एकामागून एक पाटी येत गेली. तीन मण भरले, चार मण भरले. शेवटची पाटी ठेवली तेव्हा माझा काटा थरथरला. मग तो सरळ झाला. चाळीस मण पुरे! पाचाला चार मिनिटे कमी होती.

साहेबांनी सही केली, आणि खाली आणखी चार ओळी लिहिल्या. पुढच्या वर्षी हुकूम बदलला : मासाच कमी येईल त्या वर्षी आवार बंद करू नये.

आता नवा पोलादी काटा आला आहे आणि मी कोपऱ्यात गंजतो आहे. महिन्याकाठी चमचाभर खोबरेल मला पुरे. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या हुकूम लिहिणारा झाला, तर त्याने लिहिण्यापूर्वी एक दिवस एखाद्या तराजूशेजारी उभे राहावे. कागदावरचा मण कोरडा असतो. पारड्यातला मण ओला असतो, जड असतो आणि संध्याकाळपर्यंत नासतो.