दोन बाटल्यांची बॅग

"अगं, श्वास सोड की! पोट आत ओढून पट्टा आवळलास, तर डोंगर काय श्वास न घेता चढणार आहेस?"

माझी मैत्रीण गाइक सिम माझ्यासमोर वाकून पट्टा सैल करत होती. दुकानाच्या आरशात मला माझं ध्यान दिसत होतं. साठी उलटलेली बाई, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आणि कमरेला केशरी बॅग, तिच्या दोन्ही अंगांना एकेक बाटली. सिनेमातला पिस्तूलवालाच जणू. मी तसं म्हटल्यावर शॅरन खो खो हसली. शॅरन म्हणजे दुकानाची मालकीण. पेनांगच्या बोटॅनिक गार्डनच्या रस्त्यावर तिचं डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं दुकान आहे आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्या मंडळींच्या पायांची मापं तिला तोंडपाठ आहेत.

"आंटी, रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते," ती म्हणाली. "बाटल्या भरून बघा."

"भरून कशाला?" गाइक सिम मध्येच बोलली. "हीच घेऊन टाक. हलकी आहे, बाटल्याही छोट्या आहेत. घोटभर पाण्याला पुरे."

"घोटभर पाण्यासाठी बॅग घेतेय होय मी? मग वर शेडवर काय नेऊ, थुंकी?"

डोंगराच्या मध्यावर आमची पत्र्याची शेड आहे. तिथे नळ नाही. खाली फाटकापाशी नळ आहे, तिथे बाटल्या भरायच्या, वर न्यायच्या आणि मोठ्या किटलीत ओतायच्या. त्याच पाण्याचा आल्याचा चहा होतो आणि तो सगळे मिळून पितात. पाणी आणलं का, असं कुणी कुणाला विचारत नाही, पण बघतात सगळे. चिनी नववर्षाच्या आदल्या आठवड्यात बाजारात मासेवाल्याच्या पाण्यावरून माझा पाय घसरला आणि खांदा कामातून गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला हवं तितकं, पण खांद्यावर ओझं घ्यायचं नाही, यापुढे कधीच नाही. तरी मी एकदा रिकाम्या हातांनी वर गेले होते. सगळे "पी गं, पी गं" म्हणत होते, पण तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. तेव्हाच ठरवलं, आता येईन ती पाणी घेऊनच.

आणि शेडमध्ये माझा खिळा होता. हे जरा सांगायला हवं. शेडच्या आडव्या तुळईला ओळीने खिळे आहेत आणि एकेका खिळ्यावर एकेकाचा मग. ज्यांनी शेड बांधली त्यांनी जेवढे ठोकले तेवढेच. सेंग हॉक अंकल शेड सांभाळतात, ते नवा खिळा ठोकू देत नाहीत. कुणी वारलं किंवा "आता मला झेपत नाही" असं स्वतःच्या तोंडाने सांगून गेलं, तरच खिळा मोकळा होतो. बाकीचे पाहुण्यांच्या वाटीतून चहा पितात. माझा मग म्हणजे माझ्या नूडल्सच्या गाड्यावरचा शेवटचा. शाळेच्या कॅन्टीनमध्ये मी जन्मभर पोरांना नूडल्स करून घातल्या. गाडा बंद केला तेव्हा सगळं विकून टाकलं आणि निळ्या काठाचा एक मग ठेवला, तो नेऊन शेडमध्ये टांगला.

गाइक सिमचा नवरा गेला तेव्हा ती अंथरुणातून उठत नव्हती. मी तिला दंडाला धरून डोंगरावर नेली. तिला खिळा नव्हता. माझ्याच खिळ्यावर, माझ्या मगाच्या कानात कान अडकवून तिचा मग टांगलेला असायचा, तोही वर्षभराहून जास्त. तिला स्वतःचा खिळा मिळाला तेव्हा दोघी रडलो होतो.

तर त्या गुरुवारी शॅरनने मागच्या नळावर बाटल्या भरून आणल्या. भरल्याबरोबर केशरी बॅग जी घसरली ती थेट मांड्यांवर आली. दुसरीचा पट्टा चांगला होता, पण बाटल्या पार पाठीमागे. बाटली काढायला मी उजवा हात मागे नेला आणि तो अर्ध्यातच अडकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"बघ, नाही जमत तुला," गाइक सिम म्हणाली. "हट्ट सोड ना, पो किम. खाली बागेतच फिरू या दोघी. माकडं बघू."

"माकड बघायला घरी आरसा आहे माझ्या."

ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही दाद देणारी बाई ती. पण मला वाटलं, माझी काळजी वाटतेय हिला.

तिसरी बॅग राखाडी, दिसायला अगदीच मठ्ठ. पण बाटल्या मोठ्या होत्या आणि पुढे कललेल्या, डाव्या हाताने दोन्ही काढता येत होत्या. "पट्टा कमरेवर नाही आंटी, खाली हाडावर बसू द्या," शॅरन म्हणाली. मी दुकानात चार चकरा मारल्या, पायरीवर चढले, उतरले. बॅग जागची हलली नाही. अडचण फक्त बकलाची. ते समोर होतं, पण दाबून बसवायला उजव्या अंगठ्यात जोर लागतो आणि माझा अंगठा म्हणजे उकडलेली नूडल.

गाइक सिमने दोन्ही टोकं धरली आणि कट् करून बक्कल लावलं. वरून एक थापही मारली.

"झालं," ती म्हणाली.

"मग येतेच रविवारी!"

"या रविवारी नको!" ती एकदम म्हणाली. मग आवाज उतरवून, "वरच्या पायऱ्यांवर दरड आलीय गं. कुणीच जात नाहीये. पुढच्या महिन्यात बघू."

घरी आल्यावर मी बक्कल उघडलंच नाही. उघडलं तर लावणार कोण? पट्टा सैल केला आणि कमरेला गुंडाळलेलं सारोंग उतरवतात तशी बॅग खाली सरकवून पाय बाहेर काढले. घालतानाही तसंच करायचं, पाय घालायचे, वर ओढायची आणि पट्ट्याचं टोक डाव्या हाताने ताणायचं. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

रविवारी काही घरात राहवेना. म्हटलं, दरडीपर्यंत तर जाऊन येऊ, बॅगची परीक्षा होईल. फाटकाजवळच्या नळावर दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या आणि निघाले. काय सांगू, किती बरं वाटलं! खांदा मोकळा होता, ओझं हाडांवर बसलेलं होतं, पाणी नुसतं डुचमळत होतं. दम लागला की थांबत होते, पण थांबावंसं वाटत नव्हतं. बांबूचं वळण गेलं, मोठा खडक गेला, वरच्या पायऱ्या आल्या. दरड कुठेच नव्हती. एक दगडसुद्धा हललेला नव्हता.

तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, साफ केली असेल पोरांनी, बरंच झालं, आता सगळ्यांना चकित करते. आल्याचा वास आला. आवाज ऐकू आले. मी मोठ्याने ओरडले, "किटली ठेवा, पाणी आलं!"

सेंग हॉक अंकल हातात पळी घेऊन तसेच उभे राहिले.

"पो किम? तू... जोहोरला गेली नाहीस?"

"जोहोरला कशाला जाऊ?"

"मुलीकडे. कायमची." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "गाइक सिम म्हणाली, तू डोंगर सोडलास. खांदा गेला, आता माझा खिळा दुसऱ्या कुणाला द्या, असं तूच सांगून गेलीस म्हणाली. भेटून का गेली नाहीस म्हणून मी रागावलोही होतो तुझ्यावर."

मी तुळईकडे बघितलं. माझ्या खिळ्यावर पांढरा चिनी मातीचा मग होता, झाकणाचा, फुलाफुलांचा.

"कुणाचा हा?"

"मॅडम क्वांचा."

मॅडम क्वा म्हणजे गाइक सिमची विहीण. निवृत्त मुख्याध्यापिका. गाइक सिमचा मुलगा सासुरवाडीलाच राहतो आणि नातू कधी भेटायचा, किती वेळ भेटायचा, हे विहीणबाईंच्या मर्जीवर असतं. याच शेडच्या बाकावर बसून गाइक सिम त्याबद्दल माझ्यापाशी रडायची. माझा रुमाल भिजायचा.

"आणि माझा मग?"

मीच शोधला. मागे भांडी घासायच्या जागी होता, पावसाच्या पाण्याच्या पिंपाजवळ. त्यात काथ्याची घासणी आणि साबणाचा तुकडा. निळ्या काठावर साबणाची पांढरी पुटं बसली होती. मला भडभडून आलं, पण त्या सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात त्या दोघी आल्या. पुढे मॅडम क्वा, हातात नुसती काठी. मागे धापा टाकत गाइक सिम, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये दोघींचं पाणी.

मला बघून गाइक सिम जागीच थांबली. "अगं... तू... ती दरड..."

"पडली ना," मी म्हटलं. "आत्ताच पडली. माझ्याच डोक्यावर."

"या कोण?" मॅडम क्वांनी विचारलं.

"या पो किम," अंकल म्हणाले.

मॅडम क्वा वळून गाइक सिमकडे बघू लागल्या. "पण त्या तर वारल्या ना? तुम्हीच सांगितलंत. अहो, पहिल्या दिवशी मी त्यांच्या नावाने उदबत्ती लावली इथे! त्यांच्या जागेवर मग टांगायचा म्हणून नमस्कार केला!"

शेडच्या कोपऱ्यात देवाचा लाल देव्हारा आहे, तिथे उदबत्ती सगळेच लावतात, कोण कुणाला विचारतो? मी जिवंत, खाली घरात खांदा शेकत बसलेली आणि वर माझ्या नावाने उदबत्ती जळत होती.

"विहीणबाई दुसऱ्या कुणाची सोडलेली वस्तू घेत नाहीत," गाइक सिम पुटपुटली. "गेलेल्या माणसाची, मानाची हवी म्हणाल्या. म्हणून मी... मी सांगणार होते तुला, पो किम."

"कधी सांगणार होतीस? गुरुवारी बक्कल लावताना सांगायचं होतंस. या हातांनी लावलंस ना? थापसुद्धा मारलीस वरून!"

"मला वाटलं, तुला झेपणारच नाही. दुकानातही बघितलं ना मी, हात मागे जात नाही तुझा. आणि नातू... तुला सगळं माहितेय गं."

"माहितेय. म्हणून तर जास्त लागतंय. मागायचा होतास खिळा. कदाचित दिला नसता मी, भांडले असते, शिव्या दिल्या असत्या. पण मागायचं तरी होतंस. यांना सांगितलंस मी गावाला गेले, त्यांना सांगितलंस मी मेले, आणि माझ्याबरोबर बॅगा निवडत फिरलीस!"

ती रडायला लागली. एरवी तिच्या रडण्याने मी विरघळते. त्या दिवशी मला तिच्या रडण्याचाही राग आला.

मॅडम क्वांनी काठी टेकवून ठेवली, वर हात करून आपला मग काढला आणि माझ्यापुढे मान लववली. "तुमची जागा घ्या. मला माहीत नव्हतं."

"राहू द्या बाई. तुमची चूक नाही."

"मी नवा ठोकतो," अंकल म्हणाले. ते खरंच हातोडी शोधायला लागले. इतक्या वर्षांत ज्यांनी कुणाचं ऐकलं नाही ते अंकल. "आत्ता ठोकतो, पो किम. कोण काय म्हणतं बघू."

"नको अंकल."

मी किटलीचं झाकण काढलं. डाव्या हाताने एक बाटली ओतली, मग दुसरी. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली. मग मागे गेले, घासणी आणि साबण फळीवर ठेवला आणि पिंपातल्या पाण्याने मग धुतला. पुटं निघेपर्यंत नखाने खरवडला.

तो मग न्यायला हातात जागा नव्हती. उतरताना डावा हात कठड्याला लागतो, उजव्याचा भरवसा नाही. म्हणून तो पट्ट्यातच ओवायचा, आणि त्यासाठी बक्कल उघडायला हवं. गुरुवारपासून ते बंदच होतं, तिने लावलं तसं. मी दाबलं. उघडणं सोपं असतं. मगाचा कान पट्ट्यात ओवला आणि दोन्ही टोकं जुळवायला लागले.

गाइक सिमचे हात सवयीने पुढे आले.

"हात लावू नकोस."

पहिल्यांदा टोक निसटलं. दुसऱ्यांदा अर्धंच बसलं. खांद्यापासून कानापर्यंत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, ते कळेचं होतं की कशाचं कोण जाणे. सगळे बघत होते. किटली गुणगुणायला लागली होती. मी अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवला आणि दाबलं. कट्.

"चहा तरी घे," अंकल म्हणाले. "पाणी तुझंच आहे."

"तुम्ही प्या."

मी पायऱ्या उतरायला लागले. वरून गाइक सिमची हाक आली. "पो किम, पायऱ्या ओल्या आहेत गं! सांभाळून!"

पायऱ्या खरंच ओल्या होत्या. मी डाव्या हाताने कठडा धरला आणि वळून न बघता उतरत राहिले. पावलागणिक मग रिकाम्या बाटलीवर वाजत होता.