खिशातली डबी

परिषदेतली भाषणं नेटवर टाकायची होती, पण खर्च नको होता, म्हणून आयोजकांनी जुगाड्याला बोलावलं. त्याचा कारभार साधा. जुना मोबाईल स्टँडला रबरानं बांधायचा, वक्त्याच्या कॉलरला माइक लावायचा आणि माइकची वायर वक्त्याच्याच खिशातल्या काडेपेटीएवढ्या रेकॉर्डरला, म्हणजे त्याच्या डबीला, जोडायची. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, घरी त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचे. एकदा बटण दाबायला विसरला आणि अख्खं भाषण मुकं गेलं. तेव्हापासून डबी सकाळी सुरू केली की संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही, हा त्याचा नेम.

हाडांच्या बड्या सर्जननं आपल्या नव्या शस्त्रक्रियेवर भाषण ठोकलं. एकही रुग्ण दगावला नाही म्हणाला. टाळ्या घेतल्या आणि माइकसकट मागच्या खोलीत गेला. जेवणाची सुट्टी झाली. जुगाड्या डबी आणायला मागोमाग गेला आणि दारातच थिजला.

त्याची ताई, सर्जनच्या हाताखालची डॉक्टर, भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला. तळहातावर दात.

"जिन्यावरून पडली," सर्जन रुमालानं बोटं पुसत म्हणाला.

"या खोलीत जिना कुठाय, सर?" ताई रक्त थुंकली. "मेलेले चौघं यादीतून का गाळले विचारलं, तर मारलं यानं."

"तुझं कोण ऐकणार गं?" सर्जन हसला. मग त्याचा हात कॉलरकडे गेला. माइक!

तो रिकाम्या सभागृहात धावला. मोबाईल उपटून फरशीवर आपटला, टाचेनं त्याचा चुरा केला. जुगाड्या आडवा आला, तर स्टँडच त्याच्या हातावर घातला. कट्. करंगळी उलटी वळली. दुसरा घाव कानशिलावर, तिसरा बरगड्यांत. हाडं जोडून पोट भरणारा माणूस तो, कुठलं हाड कसं मोडतं हे त्याला पाठ होतं.

"आता वाजव टाळी, भडव्या!"

जुगाड्या गुरासारखा ओरडत होता, पण नजर सर्जनच्या खिशावर. पातळ कापडातून लाल ठिपका दिसत होता. भारी सामानाच्या परिषदा करून सरावलेला हा माणूस. त्याला वाटलं, आवाज हवेतून थेट मोबाईलात जातो. स्वस्तातला आवाज खिशातच राहतो, हे त्याला कोण सांगणार?

"सर, माझी डबी तेवढी द्या," जुगाड्या कण्हला. "दुसरी नाही हो माझ्याकडं. पाया पडतो."

"भिकारडा साला!" सर्जननं वायर हिसडली आणि डबी त्याच्या तोंडावर फेकली. भुवई फुटली. जुगाड्यानं डबी छातीशी धरली आणि रक्त डोळ्यात जाऊ दिलं.

संध्याकाळी परिषदेच्या पानावर भाषणं चढवायला तो बसला. उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या हाताच्या एका बोटानं काम चाललं होतं. मोबाईलच्या चुऱ्याबरोबर चित्रं गेली होती, सर्जनच्या भाषणाला नुसता काळा पडदा. आवाज मात्र स्वच्छ. भाषण, टाळ्या, दार, चार मेलेल्यांची नावं, पहिली थप्पड, मग त्याची स्वतःची करंगळी.

"ताई, तुझं ओरडणं कापू का?"

सुजलेल्या जबड्यातून तिला नीट बोलता येईना. तरी ती बोलली.

"एक श्वासही कापलास तर दुसरी करंगळी मी मोडीन."

त्यानं बटण दाबलं.